विसांत किती

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की केस आणता कुठून. त्यांना वाटतं, आमच्याकडे कपाटात कुणाकुणाचे केस ठेवलेले असतात आणि आम्ही रंग जुळवून लावतो. एक बाई एकदा मुलासाठी आपली वेणी कापून पिशवीत घालून आली होती. तिला समजावता समजावता माझ्या बायकोचेच डोळे भरून आले. दुसऱ्याचा केस मुळासकट लावला तर अंग तो परका म्हणून टाकून देतं. आईचा असो, भावाचा असो. ज्याचं डोकं त्याचेच केस लागतात. तेही सगळे चालत नाहीत. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मागच्या बाजूला, चार बोटं रुंदीचा एक पट्टा असतो. तिथले केस सहसा म्हातारपणीही टिकतात. तिथून एकेक मूळ काढायचं आणि पुढे लावायचं. जिथून काढलं तिथे पुन्हा उगवत नाही. तो पट्टा म्हणजे ज्याचा त्याला एकदाच मिळालेला साठा.

माझा मेहुणा त्या दिवशी सकाळी आठ वाजता आमच्या खुर्चीत येऊन बसला, तेव्हा त्याचा साठा माझ्या हातात होता.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस. कपाळापासून टाळूपर्यंत सगळं मोकळं. सहा वर्षं तो वरून चिकटवायचा विग लावत होता, त्याला पॅच म्हणतात. नऊ महिन्यांवर त्याचं लग्न होतं. होणारी बायको औषधांच्या दुकानात काम करायची. हुशार होती, बोलायला मोकळी होती, पण तिला पॅचचं माहीत नव्हतं. दीड वर्षात तिने त्याला एकदाही त्याच्याशिवाय बघितलं नव्हतं. कामासाठी बाहेरगावी जातोय असं तिला सांगून तो महिनाभराची रजा काढून माझ्याकडे आला होता. लावलेले केस नीट दिसायला आठ-नऊ महिने लागतात. त्याचा हिशेब बरोबर बसत होता.

“भाऊजी, हात थरथरत नाही ना?” त्याने आरशातून विचारलं.

“तुझाच थरथरतोय.”

“माझा थरथरला तर चालतो. मी पालथा पडणार आहे.” मग जरा थांबून म्हणाला, “ताईचे केस किती दाट होते नाही? तिचे चालले असते का हो?”

“नाही.”

“माहितीय. सहज विचारलं.”

मी मूळचा न्हावी. बायको आधी या क्लिनिकमध्ये साफसफाईला होती. बघून बघून ती मायक्रोस्कोपखाली मुळं निवडायला शिकली, आणि तिनेच मला दुकान बंद करायला लावून इथे आणलं. माझं काम असं, की मागचा भाग भादरायचा. मग डॉक्टर बारीक पोकळ सुईने प्रत्येक मुळाभोवती गोल चीर देतात, आणि मी ते मूळ चिमट्याने उपसून थंड सलाइनच्या बशीत ठेवतो. बायको ते भिंगाखाली बघून लावायला तयार करायची. बारा वर्षं आम्ही एकाच खोलीत पाठीला पाठ लावून काम केलं.

भादरायच्या आधी आमची एक पद्धत होती. केस अजून बोटाच्या पेराएवढे असतात तेव्हा मी त्यात फणी घालून उचलून धरायचो. दोन्ही कानांवर, दोन्ही कानांमागे आणि मानेशी, अशा पाच जागी. ती हातातलं भिंग घेऊन यायची आणि वीस केस बघायची. त्यातले किती बारीक, ते सांगायची. “विसांत दोन.” “विसांत तीन.” जाड केसांत थोडे बारीक असतातच. पण चाराच्या वर गेले तर त्या माणसाचा साठाच पातळ होत चालला आहे असं समजायचं. मग मशीन लावायचं नाही, सरळ डॉक्टरांना बोलवायचं. असे दरवर्षी चार-पाच जण निघायचे. ते चिडून घरी जायचे, पण डोकं शाबूत घेऊन जायचे. एकदा भादरलं, की हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. सगळं सारखंच काळं दिसतं.

हे मोजणं कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांना माहीत होतं की ते होतं, एवढंच.

त्या दिवसाच्या सात महिने आधी बायको गेली. ताप आला, चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं, नवव्या दिवशी संपलं. पंधरा दिवसांनी मी कामावर आलो. पहिल्या माणसाच्या केसांत फणी घातली, केस उचलून धरले आणि उभा राहिलो. तिच्या जागी आलेल्या सिस्टर बशा मांडत होत्या. मी किती वेळ तसा उभा होतो, मला सांगता येणार नाही. त्या माणसाने विचारलं, “काही अडकलं का?” मी फणी काढली आणि मशीन चालवलं. त्यानंतर मी कुणाच्याच केसांत तशी फणी घातली नाही.

मेहुण्याच्याही घातली नाही. विसरलो असं मी म्हणणार नाही. फणी समोर ट्रेमध्ये होती. मशीन उचललं.

साडेआठला त्याला पालथं झोपवलं. तोंडासाठी गोल भोक असलेली उशी असते, तिच्यातून त्याचा आवाज जमिनीकडून यायचा. सुया टोचून मागचा भाग बधिर केला. डॉक्टर आल्या. आमच्या डॉक्टर बाई आहेत, हात हलका, पण दोन खोल्यांत दोन पेशंट सांभाळतात. मेहुण्याला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तेही पुढून. बाकी सगळं त्याने फोनवर फोटो पाठवून केलं होतं. आपल्याच घरचं माणूस म्हणून कुणी जास्त विचारलं नाही. अठ्ठावीसशे मुळं काढायचं ठरलं होतं.

मेहुणा गप्प बसणाऱ्यांतला नाही.

“म्हणजे भाऊजी, परसातली झाडं उपटून दारात लावायची. पाहुण्याला वाटावं, केवढी बाग आहे यांची.”

“हलू नकोस.”

“मी हलत नाही. माझं तोंड हलतंय. सिस्टर, तोंड हललं तर चालतं का?”

“तोंडावरचे केस घ्यायची वेळ आली की गप्प बसा,” सिस्टर म्हणाल्या.

साडेदहापर्यंत सहाशे चाळीस झाले. माझ्या डाव्या हाताशी मोजायचं यंत्र असतं, प्रत्येक मुळाला एकदा दाबायचं. सिस्टर मायक्रोस्कोपवर होत्या. त्यांनी भिंग पुसलं. थोड्या वेळाने पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा म्हणाल्या, “पंधरा वर्षं लोकांचे मोतीबिंदू काढणाऱ्यांच्या हाताखाली राबले, आता मलाच आलाय वाटतं. सगळं धूसर दिसतंय.”

डॉक्टर सुई बदलत होत्या. मी हातमोजे बदलायचं निमित्त केलं आणि सिस्टरच्या खांद्यावरून भिंगात पाहिलं.

भिंग स्वच्छ होतं.

मी सुईच्या टोकाने एकेक मूळ बाजूला करत मोजलं. जाड, जाड, बारीक. जाड, बारीक, बारीक. जे बारीक होते ते काळेही नव्हते, तपकिरी आणि लुळे. विसांत आठ. दुसरी बशी घेतली, ती मानेकडची. विसांत नऊ.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. “भिंगच खराब ना?”

माझ्या जागेवर परत गेलो.

याचा अर्थ मला पक्का माहीत होता. मागचे हे केस आज आहेत, उद्या राहतील याचा भरवसा नाही. पुढे लावले तर दोन-चार वर्षांत तिथूनही जातील. आणि मागे उरलेले विरळ झाले की अठ्ठावीसशे पांढरे ठिपके उघडे पडतील, मुंग्यांनी खाल्ल्यासारखे. पॅच लावून पुढचं झाकता येतं, मागचं काय झाकणार?

डॉक्टरांनी काम सुरू केलं. चीर, चीर, चीर. मी चिमटा उचलला.

त्यानंतर मी आणखी बावीस मुळं काढली. हे मला सांगितलंच पाहिजे. प्रत्येक काढताना मला माहीत होतं की हे परत जाणार नाही, आणि तरी मी काढत होतो. थांबा म्हटलं, की का ते सांगावं लागणार. का ते सांगितलं, की सकाळचं सांगावं लागणार. न सांगता पुढे गेलो तर तीन वर्षं कुणाला काही कळणार नव्हतं. नंतर कळलं तरी लोक म्हणाले असते, घराण्याचीच खोड. आणि बायकोच्या माहेरचं हे एवढं एकच माणूस उरलं होतं. ती गेल्यापासून दर रविवारी न चुकता त्याचा फोन यायचा, “भाऊजी, जेवलात का?” तो फोन बंद झाला असता.

“भाऊजी, कितवा?” खालून आवाज आला.

मी यंत्राकडे पाहिलं. सहाशे बासष्ट. चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

“मॅडम, थांबा.”

“काय झालं? रक्त येतंय?”

“नाही. मुळं बारीक आहेत. विसांत आठ. मानेकडे नऊ.”

डॉक्टरांचा हात तिथेच थांबला. “सकाळी किती होते?”

“सकाळी मी बघितलं नाही.”

“माझ्या डोक्यावर परीक्षा चाललीय का?” मेहुणा म्हणाला. “विसांत आठ म्हणजे पास की नापास?”

डॉक्टर उठल्या, मायक्रोस्कोपवर गेल्या, एकामागून एक तीन बशा पाहिल्या. परत आल्या आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून उशीजवळ खाली बसल्या. जे मला माहीत होतं ते त्यांनी त्याला सांगितलं, माझ्यापेक्षा सौम्य शब्दांत.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कमी काढा. पण काढा. मला लग्नात डोक्यावर केस पाहिजेत. पुढचं पुढे बघू.”

“धोका आहे.”

“मी घेतो ना धोका. लिहून देतो. कागद आणा.” त्याने पालथ्या अंगाने उजवा हात बाहेर काढला आणि पेनासाठी बोटं हलवायला लागला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “जाड बघून हजारापर्यंत जाता येईल. अगदी त्यांचा आग्रहच असेल तर.”

“भादरल्यावर जाड-बारीक दिसत नाही, मॅडम. काढल्यावरच कळतं.” मी म्हणालो. “मी काढणार नाही.”

“मग सिस्टर काढतील,” मेहुणा म्हणाला.

“मी नाही हं बाबा,” सिस्टर म्हणाल्या. “मला बशीतलं काय ते सांगा.”

“भाऊजी, तुमचं काय जातंय? डोकं माझं आहे!”

“म्हणूनच सांगतोय.”

“मग सकाळी कुठे गेला होतात? सकाळी सांगायचं! भादरून, सहाशे भोकं पाडून झाल्यावर आता आठवलं तुम्हाला? ताई असती ना—”

“ताई असती तर तुझ्या डोक्याला मशीन लागलंच नसतं. तिने मोजलं असतं. मी मोजलं नाही. ती गेल्यापासून मी कुणाचंच मोजलेलं नाही.”

सुईचं यंत्र अजून चालू होतं. डॉक्टरांनी ते बंद केलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्याचा हात अजून बाहेरच होता, पण बोटं थांबली होती.

“मला उठवा,” तो म्हणाला.

आम्ही त्याला हळूहळू बसवलं. उशीचा गोल वळ त्याच्या गालांवर उमटला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सिस्टरने त्याला धरून मायक्रोस्कोपच्या खुर्चीत बसवलं आणि भिंग त्याच्या डोळ्यांना जुळवून दिलं.

“यातले माझे कुठले?”

“सगळे तुमचेच,” सिस्टर म्हणाल्या.

मी सुई त्याच्या हातात दिली. “हा जाड. हा बारीक. वीस मोज.”

त्याने मोजले. ओठ हलत होते. एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खोलीत चौघं होतो आणि चौघंही तेच मोजत होतो. त्याच्या डोक्यामागे छोटे लाल ठिपके एका ओळीत सुकत चालले होते.

“आठ,” तो म्हणाला. “दुसरी बशी द्या.”

दुसरी दिली.

“सात. नाही, हाही बारीकच आहे. आठ.” भिंगावरून डोळे न काढता त्याने विचारलं, “हे पुढे लावले तर किती दिवस?”

“दोन वर्षं, पाच वर्षं. मी सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“आणि मागेच राहिले तर?”

“तिथूनही कमी होतील. पण हळूहळू. औषधाने काही धरून ठेवता येतील. आणि ठिपके एवढे दिसणार नाहीत. सहाशे पसरून काढलेत, ते झाकले जातील.”

“म्हणजे टक्कल पुढेही आणि मागेही. पण नीटनेटकं.”

“हो.”

त्याने सुई खाली ठेवली. “बंद करा.”

काढलेल्यांतले जाड तेवढे वेगळे केले, ते तीनशे नव्वद भरले. बाहेर काढलेलं मूळ काही तासच जगतं, त्यामुळे बसून रडायला वेळ नव्हता. कुठे लावायचे ते डॉक्टरांनी त्याला विचारलं. “कपाळावर मधोमध लावा, बाकीचं राहू द्या,” तो म्हणाला. आता तो उताणा झोपला होता आणि माझा चेहरा त्याच्या चेहऱ्यावर उलटा यायचा. त्याने डोळे मिटून घेतले. दोन तास मी मुळं पुढे करत होतो आणि डॉक्टर ती बसवत होत्या.

बसवता बसवता डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, “सात महिन्यांत किती जण?”

“एकशे चार.” आकडा मला शोधावा लागला नाही.

त्यांनी आणखी दोन-तीन मुळं बसवली. “चूक तुमची एकट्याची नाही. मी विचारायला हवं होतं. उद्या सकाळपासून एकेकाला फोन करायचा. बोलवायचं, मागचा भाग बघायचा, ज्याला जे खरं आहे ते सांगायचं. काही जण ओरडतील, काही जण तक्रार करतील.”

“मीच फोन करतो.”

“करालच. आणि नवीन पेशंट आला की फणी तुम्ही धरायची. भिंग मी धरीन. कागदावर आकडा लिहिल्याशिवाय मशीन नाही.”

“बरं.”

सगळं झाल्यावर मेहुण्याने सिस्टरकडे आपला फोन मागितला. मी ट्रे धूत होतो. पाण्याचा नळ बंद केला असता तर चोरून ऐकल्यासारखं झालं असतं, म्हणून चालूच ठेवला, तरी ऐकू आलंच. “मी बाहेरगावी नाहीये. ... नाही, ठीक आहे मी. ... नाही गं, अपघात नाही. येशील का? आल्यावर सांगतो. ... आत्ताच ये.”

ती साडेतीनला आली. दुकानातूनच आली होती, खिशाला पेन तसंच होतं. मेहुणा बाहेरच्या खोलीत पाणी प्यायच्या यंत्राकडे तोंड करून उभा होता. मागून दिसत होतं ते भादरलेलं डोकं आणि पट्टी. ती त्याला वळसा घालून समोर गेली. वरपासून खालपर्यंत बघितलं.

“हे काय?”

त्याने सांगितलं. पॅचचंही सांगितलं. काही लपवलं नाही, आणि माझं नावही मध्ये आणलं नाही.

“दीड वर्ष?” ती म्हणाली. “दीड वर्ष मी विगवरून हात फिरवत होते?”

“हो.”

“आणि तू बघत बसलास.”

“हो.”

ती खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर घेतली, चेन उघडली, काही न काढता बंद केली. “टकलाचं मला काही नाही रे,” ती म्हणाली, “पण तू मला मूर्ख समजलास. याचं मी काय करू, मला आज कळत नाहीये. आज विचारू नकोस.”

“नाही विचारत.”

मी काउंटरवर औषधांची पिशवी घेऊन उभा होतो. तिने ती माझ्या हातून घेतली आणि सवयीने एकेक चिठ्ठी वाचायला लागली. “तुम्ही ताईंचे मिस्टर ना?” मी मान हलवली. तिने फवारणीची बाटली वर धरली. “हा फवारा किती वेळाने मारायचा?”

“त्यांना विचार,” मेहुणा म्हणाला. “त्यांना माहितीय.”

“दर अर्ध्या तासाने,” मी म्हणालो. “एक वीत लांबून. बोट लावायचं नाही, टिपायचं नाही. तीन दिवस डोकं उंच ठेवून झोपायचं, वाकायचं नाही.”

“आणि हे तीन दिवस कोण करणार?” तिने विचारलं.

मेहुणा माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. माझ्याच घरी राहायचं ठरलं होतं त्याचं. निदान आज सकाळपर्यंत तरी ते ठरलेलं होतं.

“मी करीन,” मी म्हणालो. “येणार असेल तर.”

ती बाटलीवरची तारीख बघत राहिली. मेहुणा त्याच्या बॅगेपाशी गेला. ती सकाळपासून बाकाखाली पडली होती. बॅगेकडे बघत तो तसाच ताठ उभा राहिला.

“बॅग तुम्ही घ्या,” तो म्हणाला. “मला वाकायचं नाहीये ना.”